दोरीवाली शाळा

दीपिका गमरे दादरच्या एका प्रयोगशाळेत पाणी तपासायची. दिवसाला चाळीस-पन्नास बाटल्या तिच्या हाताखालून जायच्या, पण कुठल्याही बाटलीकडे नुसतं बघून "हे स्वच्छ दिसतंय" असं तिने कधी म्हटलं नव्हतं. दिसणं वेगळं, असणं वेगळं. हे ती एम.एस्सी.ला शिकली नव्हती. त्याच्या कितीतरी आधी, डिलाईल रोडच्या एका आडगल्लीतल्या शाळेत शिकली होती. म्हणून त्या शाळेवर वेळ आली तेव्हा तिने ठरवलं, आपण रडायचं नाही, भांडायचं नाही. मोजायचं.

शाळेच्या पाटीवर नाव होतं 'होली स्टार प्रायमरी स्कूल'. आजूबाजूच्या चाळींत मात्र ती 'दोरीवाली शाळा' म्हणूनच ओळखली जायची. शाळेकडे बस नव्हती, व्हॅन नव्हती. होत्या त्या जाड सुती दोऱ्या, ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या. एका गाठीला एक मूल. शाळा सुटली की एक बाई पुढे, एक मागे, आणि मधे गाठी धरून चालणारी पोरं, अशा दोऱ्या एकेका दिशेला निघायच्या. आपली चाळ आली की मूल गाठ सोडून आत धूम ठोकायचं. दीपिकाची गाठ अकरावी होती. पुढे दहावी गाठ धरणाऱ्या मुलीच्या वेणीतला पिवळा रबरबँड तिला अजून आठवायचा.

ही शाळा मॉड परेरा नावाच्या बाईंनी काढली होती. त्या आता बासष्ट वर्षांच्या. दोऱ्यांचं खातं त्यांच्या धाकट्या भावाकडे, पास्कल अंकलकडे. हा गोदीतून निवृत्त झालेला फिटर, गाठ मारण्यात पटाईत. मॉड टीचरच्या वर्गाची एक रीत होती. प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर उभं राहून "माहीत नाही" म्हणायचं. म्हटलं की खडू हातात मिळायचा आणि तो प्रश्न बाजूच्या फळ्यावर आपल्या अक्षरात लिहायचा. शुक्रवारी सगळ्यांनी मिळून त्याचं उत्तर शोधायचं. फळ्यावर लिहायला मिळावं म्हणून पोरं येत असलेलं उत्तरसुद्धा माहीत नाही म्हणायची. दीपिकाला पहिलीत मात्र तसं म्हणायची लाज वाटे. दुसरीत असताना ग्लासातला बर्फ बुडत का नाही, असं तिनेच विचारलं आणि टीचरच उभ्या राहिल्या. "माहीत नाही," त्या म्हणाल्या आणि स्वतः खडू घेतला. मोठ्या माणसाला माहीत नसतं आणि ते असं सांगता येतं, हे दीपिकाने त्या दिवशी प्रथम पाहिलं. पुढचं सगळं शिक्षण त्या एका दुपारच्या मागोमाग आलं, असं तिला वाटायचं.

आता शाळेची जुनी इमारत पाडायची होती. मेअखेर जागा रिकामी करून द्यायची होती. दोन गल्ल्या सोडून फर्निचरचं एक बंद पडलेलं दुमजली शोरूम होतं आणि मालक ते शाळेला द्यायला तयार होता. अडचण एकच. पालिकेच्या आराखड्यात ती जागा व्यावसायिक वापरासाठी दाखवलेली होती. तिथे शाळा भरवायची तर वापर बदलायला हवा, त्यासाठी पालिकेच्या समितीची मंजुरी हवी, आणि त्याआधी लोकांच्या हरकती-सूचना ऐकायला हव्यात. मंजुरी मिळाली नाही तर जूनमध्ये शाळा उघडणार नव्हती. दुसरी जागा टीचरने दीड वर्ष शोधली होती.

हरकत घेतली होती त्याच गल्लीतल्या दुकानदारांनी. त्यांचा पुढारी हर्षवर्धन पाटकर. नळ आणि बाथरूम फिटिंगचं मोठं दुकान, आवाजही तसाच मोठा. त्याचं म्हणणं सरळ होतं. शाळा आली की आईबापांच्या गाड्या आल्या, गाड्या आल्या की गल्ली बंद, गल्ली बंद की गिऱ्हाईक बंद.

दीपिकाने शाळेचं दाखल-रजिस्टर मागून घेतलं. दोनशे अडुसष्ट मुलांचे पत्ते उतरवले, विभागाच्या मोठ्या नकाशावर एकेका मुलाचा लाल ठिपका काढला आणि शाळेभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ मारलं. दोनशे एकतीस ठिपके वर्तुळाच्या आत पडले. इतक्या जवळून गाडी कोण आणेल? तिने नकाशा गुंडाळून नळीत घातला, सूचनेच्या अर्जावर नाव-पत्ता लिहिला आणि प्रयोगशाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढली.

सुनावणी विभाग कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये होती. टेबलापलीकडे समितीचे पाच जण, मधे चष्मा कपाळावर सरकवलेल्या अध्यक्षबाई. अलीकडच्या खुर्च्यांवर एका बाजूला दुकानदार, दुसऱ्या बाजूला मॉड टीचर, पास्कल अंकल आणि सात-आठ पालक. दीपिकाने नकाशा फळ्याला लावला आणि पाच मिनिटांत सगळं समजावून सांगितलं. अध्यक्षबाई मान डोलावत होत्या. दीपिकाला वाटलं, झालं.

तेवढ्यात हर्षवर्धन उठून नकाशाजवळ आला. बराच वेळ बघत राहिला. मग एका जागी बोट ठेवलं. "मॅडम, हा ठिपक्यांचा घोस कुठला?"

"नऊ नंबरची चाळ," दीपिका म्हणाली. "एकोणीस मुलं आहेत तिथली."

"नऊ नंबर? अहो, ती पाडून दोन वर्षं झाली. टॉवरसाठी खड्डा खणलाय तिथे." तो समितीकडे वळला. "एकोणीस पोरं काय खड्ड्यात राहतात, साहेब?"

दुकानदार हसले. समितीतले दोघे हसले. पालकांतलाही एक जण हसला आणि बायकोने कोपर मारल्यावर थांबला.

अध्यक्षबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि समोरचा अर्ज उचलला. "तुमचा स्वतःचा पत्ता काय लिहिलाय? चाळ क्रमांक नऊ, खोली त्रेचाळीस. बरोबर?"

"हो," दीपिका म्हणाली. म्हणून टाकलं आणि मग तिच्या लक्षात आलं. तिचा जन्म नऊ नंबरचा. चाळ खाली करताना वडील, राजाराम, दाराची कडी काढून खिशात घालून घेऊन आले होते. दोन वर्षं ते भोईवाड्यात भाड्याच्या खोलीत राहत होते, आणि आजही कुणी पत्ता विचारला की घरातल्या तिघांच्या तोंडून तोच निघायचा. आधारकार्डावर तोच, बँकेत तोच. पाण्याच्या प्रत्येक बाटलीवर नमुना कुठे घेतला याची चिठ्ठी बघितल्याशिवाय ती झाकण उघडत नसे. आणि इथे दोनशे अडुसष्ट पत्ते तिने रजिस्टरमधून जसेच्या तसे उचलले होते.

"म्हणजे," अध्यक्षबाई म्हणाल्या, "ही मुलं खरोखर कुठून येतात? गाडीने किती येतात?"

टीचर आपल्याकडे बघताहेत हे दीपिकाला न बघताही कळत होतं. अंदाजाने एखादा आकडा सांगता आला असता. दहा, बारा. कोण तपासायला जाणार होतं?

"माहीत नाही," ती म्हणाली. "मी चुकीची गोष्ट मोजली. घर किती लांब आहे ते मोजलं, मूल कसं येतं ते मोजायला हवं होतं. मला आठ दिवस द्या, मी शाळेच्या दारात उभं राहून मोजते."

"आणि ते आम्ही खरं मानायचं?" हर्षवर्धन म्हणाला. "शाळेचीच विद्यार्थिनी तुम्ही."

"तुम्हीपण या मोजायला."

अध्यक्षबाईंना हे फारच आवडलं. "छान! दोघांनी मिळून मोजा. एकाच कागदावर दोघांच्या सह्या. आठ दिवसांनी या."

खाली पायऱ्यांवर दीपिकाचा बांध फुटला. "टीचर, मी सगळं घालवलं. तुम्ही माझ्यावर सोडलंत आणि मी..."

"ए दीपू, पुरे गो," मॉड टीचरने पर्समधून रुमाल काढून दिला. "पाच साहेबांसमोर उभी राहून 'माहीत नाही' म्हणालीस. पहिलीत असताना तोंडातून निघत नव्हतं तुझ्या. माझ्याकडे खडू असता तर तिथेच दिला असता."

"पण तुम्हाला तरी ठाऊक होतं ना, ती मुलं तिथे राहत नाहीत ते?"

"मला ठाऊक. ह्याला जास्त ठाऊक," टीचरने पास्कल अंकलकडे बोट केलं.

"मग सांगितलं का नाही?"

"तू रजिस्टर मागितलंस, रजिस्टर दिलं," पास्कल अंकल म्हणाला. "पोरं मागितली असतीस तर पोरं दाखवली असती."

सोमवारी सकाळी सव्वासातला दीपिका शाळेच्या दारासमोरच्या फुटपाथवर पोचली, तर हर्षवर्धन आधीच हजर. दुकानातलं प्लॅस्टिकचं स्टूल, हातात कटिंग. तिच्यासाठी दुसरं स्टूल आणलं होतं, पण ते त्याने तसं बोलून दाखवलं नाही. नुसतं पायाने पुढे सरकवलं.

दीपिकाने कागदावर रकाने आखले होते. गाडी, टॅक्सी, स्कूटर, चालत, दोरी.

"ती स्कूटर लिहा," हर्षवर्धन म्हणाला.

"लिहिली."

"दोन पोरं होती तिच्यावर."

"दोन लिहिली, काका."

"काका काय? बेचाळीसचा आहे मी."

"बरं. पांढरी गाडी, एक."

"ही बघा! ही बघा, आली की नाही? दारातच उभी केली. मी काय सांगत होतो?" तो उठून उभाच राहिला. त्याच्या आयुष्यात कुठली गाडी बघून त्याला इतका आनंद झाला नसेल.

मग भोईवाड्याकडची दोरी आली. मग डिलाईल रोडच्या उरलेल्या चाळींची. दीपिका गाठी मोजत होती आणि एकीकडे मनात तिचं तिलाच हसू येत होतं. कारण दर दोरीला तिची नजर आपोआप अकराव्या मुलावर जाऊन थांबायची.

पावणेआठच्या सुमाराला करी रोड स्टेशनच्या बाजूने जी दोरी आली, ती तिने यापूर्वी कधी पाहिली नव्हती. तिच्या वेळी स्टेशनची दोरीच नव्हती. ही सगळ्यात लांब. पुढे पास्कल अंकल, दातांत शिट्टी धरलेला. मागे मुलंच मुलं. काहींचे डोळे अजून अर्धे मिटलेले, एकाच्या गालावर खिडकीच्या गजाचा वळ. सत्तेचाळीस. दिवा, कळवा, टिटवाळा, कुठून कुठून निघालेली. आईबाप परळच्या हॉस्पिटलांत, लोअर परळच्या ऑफिसांत, दुकानांत कामाला. सकाळी पोराला स्टेशनवर पास्कलच्या हवाली करायचं. पाळी सुटेपर्यंत ते दुपारी शाळेतच थांबणार, टीचर त्यांना चटया घालून झोपवणार. या मुलांत नऊ नंबरची एकोणीसपैकी चौदा होती. शेजारच्या चव्वेचाळीस नंबर खोलीतल्या ताईचा मुलगा दीपिकाने नाकावरून ओळखला.

दोरीच्या अगदी शेवटी, मागून कोणी सुटत नाही ना हे बघत एक माणूस येत होता. खांद्याला छोटं गुलाबी दप्तर.

हर्षवर्धनने चहाचा ग्लास खाली ठेवला. "राजरत्न?"

तो माणूस जागच्या जागी थबकला. राजरत्न हर्षवर्धनच्या दुकानात सात वर्षं काम करत होता. शटर उघडणारा तोच, बंद करणाराही तोच.

"इथे काय करतोस तू?"

"मुलगी, शेठ. यशोधरा. तिसरीला आहे."

"ते दिसतंय. पण स्टेशनकडून कुठून येतोस? तुझं घर तर..." हर्षवर्धनचा हात चाळींच्या दिशेला वर झाला आणि तसाच राहिला.

"आंबिवलीला, शेठ."

"आंबिवली? कल्याणच्या पुढे? कधीपासून?"

"चार वर्षं झाली. भावाभावांत खोली गेली."

"आणि मी तुला रोज रात्री साडेनऊपर्यंत बसवून ठेवतो. म्हणतो, तुला काय, पाच मिनिटांत घरी."

"हां," राजरत्न प्रामाणिकपणे म्हणाला. "म्हणता तुम्ही."

"अरे, मग तोंड नव्हतं सांगायला?"

"कामाला ठेवताना म्हणाला होतात, जवळचाच माणूस पाहिजे. म्हणून मग पत्ता तोच राहू दिला." त्याने मुलीचं दप्तर काढून तिच्या पाठीवर चढवलं. "खोली गेली तेव्हा वाटलं, आता शाळाबी सुटणार हिची. पण टीचर म्हणाल्या, पत्ता गेला तर गेला, पोरगी पाठव. मग पास्कल अंकल स्टेशनला यायला लागले. संध्याकाळी हिची आई घेऊन जाते."

यशोधराने बापाला टाटा केला, हर्षवर्धनलाही केला आणि आत गेली. हर्षवर्धनने दीपिकाच्या कागदाकडे बोट केलं.

"लिहा," तो म्हणाला. "दोरी, सत्तेचाळीस. लिहिलंत?"

"लिहिलं."

दीपिकाने लिहिलं आणि त्या आकड्याकडे बघत राहिली. सुनावणीच्या दिवशी या मुलांचे पत्ते तिला चूक वाटले होते, नकाशातली घाण. आता कळत होतं की ती घाण नव्हती. माणसांची खोली सुटली, चाळ सुटली, रेशनचं दुकान सुटलं, पण ही एक गोष्ट त्यांनी हातची सोडली नव्हती. पहाटे पाचला मुलाला उठवून, दीड तास प्रवास करून ती या दाराशी येत होती. आपल्यावर टीचरचे उपकार आहेत असं मानणारी दीपिका एकटी नव्हती.

त्या संध्याकाळी सात वाजता हर्षवर्धनने राजरत्नच्या हातातून शटरची किल्ली काढून घेतली आणि म्हणाला, "निघ." राजरत्नला आधी वाटलं, नोकरीच गेली.

तीन दिवस दोघांनी मोजलं. बुधवारचा आकडा असा होता: हजर मुलं दोनशे एकसष्ट, त्यांतली गाडीने तीन, टॅक्सीने दोन, स्कूटरवर बावीस. बाकी सगळी पायी, मोठ्यांचं बोट धरून नाहीतर गाठ धरून. खाली दोन सह्या. दीपिकाने सहीखालच्या पत्त्यात प्रथमच भोईवाड्याची खोली लिहिली.

दुसऱ्या सुनावणीला अध्यक्षबाईंनी कागद वाचला आणि विचारलं, "मग पाटकर, हरकत मागे घेता?"

"मागे नाही घेत," हर्षवर्धन म्हणाला. मॉड टीचरचा चेहरा उतरला. "बदलतो. साडेबाराला आमचे टेम्पो उतरतात, तेव्हा अडीचशे पोरं एकदम सोडायची नाहीत. वर्गावर्गाने सोडा. त्या तीन गाडीवाल्यांना सांगा, गल्लीच्या तोंडाशी उतरा आणि चालत या. आणि ही दोरीची पद्धत आहे ना, ती कागदावर घ्या. उद्या ही बाई नसली आणि दुसरं कोणी येऊन बस आणायला लागलं, तर मी कोणाला धरू?"

"म्हणजे शाळेला हो ना?"

"दोरी असेल तर हो."

समितीने शिफारस केली, महिनाभराने सभागृहात प्रस्ताव मंजूर झाला आणि एप्रिलमध्ये पत्र आलं. मॉड टीचरने ते शाळेच्या व्हरांड्यात मोठ्याने वाचून दाखवलं. पाच अटी होत्या. चौथीशी आल्यावर त्यांना हसू आवरेना. "'विद्यार्थ्यांची ने-आण सध्या प्रचलित असलेल्या दोरी पद्धतीनेच करणे संस्थेस बंधनकारक राहील.' ऐकलंस, पास्कल?"

"आता दोरी सरकारी झाली," पास्कल अंकल म्हणाला. "गाठ सैल पडली तर नोटीस येणार मला."

जूनमध्ये शाळा शोरूममध्ये भरली. पॉलिशचा वास अजून गेला नव्हता. मोठ्या काचांच्या खालच्या अर्ध्या भागाला पालकांनी निळा रंग दिला होता. हर्षवर्धनने मुलांच्या उंचीचे सहा नळ बसवून दिले आणि ते नीट बसलेत का हे बघायला दिवसातून दोनदा यायला लागला. पहिल्या दिवशी दीपिका पाण्याचा नमुना घ्यायच्या निमित्ताने आली. नमुना घेऊन झाल्यावरही तिचा पाय निघेना.

पास्कल अंकल जमिनीवर नवी दोरी पसरून बसला होता. शेजारी जुन्या दोऱ्यांची वळकटी.

"अंकल, दोन गाठींत अंतर किती ठेवता?" तिने विचारलं. इतकी वर्षं तिने ते विचारलं कसं नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

"दरवर्षी वेगळं. सगळ्यात लहान पोराला खडूच्या रेघेवर चालवायचं. त्याची दोन पावलं म्हणजे एक गाठ. लांब पावलाचा हळू चालू शकतो, पण लहान पावलाचं पोर फरपटत जातं." त्याने वळकटीतून एक पिवळट पडलेली दोरी ओढून काढली. "ही तुझ्या ज्युनियर केजीच्या वर्षाची."

"त्या वर्षी सगळ्यात लहान कोण होतं?"

पास्कल अंकलने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने आपलंच नाव विचारलं होतं.

दीपिकाने पिशवीतून टेप काढली. पहिल्या गाठीपासून अकराव्या गाठीपर्यंतची दहा अंतरं तिने एकेक करून मोजली. सत्तावन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न, सत्तावन्न. सरासरी सत्तावन्न सेंटीमीटर, इकडेतिकडे एक. एक अख्खं वर्ष तीस-बत्तीस मुलं आणि दोन बाया डिलाईल रोडवरून तिच्या पावलाने चालल्या होत्या, आणि तिला वाटत आलं होतं, आपण सगळ्यांच्या बरोबरीने चालतो. तिने पुन्हा एकदा मोजलं. आकडा तोच आला. टेप गुंडाळायला तिला जरा वेळ लागला.

पास्कल अंकलने खडू तिच्या हातात दिला आणि वर्गाकडे तोंड करून हाक मारली. "अँड्रिया! इथे ये बघू."

या वर्षीचं सगळ्यात लहान मूल बाहेर आलं. साडेतीन वर्षांची, एका हातात डब्याचं झाकण, सॉक्स घोट्यावर उतरलेले. दीपिकाने फरशीवर लांब रेघ ओढली आणि तिच्या टोकाशी गुडघे टेकून बसली.

"चाल," ती म्हणाली.

"कुठे?" अँड्रियाने विचारलं.

"माहीत नाही. तू चाल, मी खुणा करते."